काबूलला मराठी कोण वाचतं

वॉशिंग्टन

परराष्ट्र धोरणावरच्या परिषदा जगात कुठेही भरल्या तरी खोली एकच असते. खिडक्या नसलेली, गालिचा घातलेली आणि इतकी गार, की भर उन्हाळ्यात अंगावरचा कोट काढवत नाही. वॉशिंग्टनमधली ही खोलीही तशीच होती. गळ्यात नावाचा बिल्ला, समोर पाण्याची बाटली, आणि दुपारी जेवण म्हणून पुठ्ठ्याच्या खोक्यात थंड सँडविच, एक सफरचंद, एक बिस्किट. आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या बैठकीलाही निदान गरम पोहे असतात. इथे महासत्तेचं धोरण थंड सँडविचवर ठरतं आणि त्यात कोणाला काही वाटत नाही.

विषय होता बदलती जागतिक व्यवस्था आणि सामरिक भागीदाऱ्या. या विषयावर मी तीस वर्षं शिकवतो आहे. व्यवस्था दरवर्षी बदलत असते, भाषणं तीच राहतात. यंदा हवा मात्र खरोखर वेगळी होती. पूर्वी याच शहरात आम्हाला नैसर्गिक मित्र म्हणत आणि खांद्यावर हात टाकत. या वेळी कॉफीच्या रांगेत तिघांनी मला तेल कोणाकडून घेता आणि किती दिवस घेणार, एवढंच विचारलं. आमच्या बाजूचे लोक आयातकराचं गाऱ्हाणं घेऊन आले होते. युरोपातून आलेल्या एक बाई तर जेवताना म्हणाल्या, की आम्ही आता झोपताना दाराला कडी लावायला शिकतो आहोत. सगळेच दमलेले दिसत होते. मी तर विमानातून उतरलो तोच दमलेला.

माझा निबंध विश्वासार्हतेवर होता. भागीदाराची खरी किंमत तो येतो त्या दिवशी नाही, तो जातो त्या दिवशी कळते, असा त्याचा रोख. काबूलच्या विमानतळाचं उदाहरण मी दिलं. ज्यांनी वीस वर्षं तुमच्या भरवशावर काम केलं, त्यांना तुम्ही भिंतीबाहेर उभं ठेवून निघून आलात. मग उद्या आशियातल्या कुठल्या देशानं तुमच्या शब्दावर आपली फौज हलवावी? टाळ्या पडल्या. अमेरिकेत अमेरिकेला बोललेलं लोक मनापासून ऐकून घेतात, हा त्यांचा गुण आहे. पुण्यात पुण्याला बोलून बघा.

सँडविच खाताना एक निवृत्त कर्नल माझ्या शेजारी येऊन बसला. अफगाणिस्तानात दोन खेपा राहून आलेला, साठीच्या आतबाहेरचा, बोटांची नखं कुरतडलेली. माझं बोलणं त्याला पटलं होतं. तिथे राहिलेल्या माणसांचे संदेश त्याच्या फोनवर अजून येतात, असं त्यानं सांगितलं. मग म्हणाला, "प्रोफेसर, आम्ही ज्यांना सोडून आलो ते मला नावानिशी माहीत आहेत. तुम्ही किती जणांना ओळखता?"

त्यानं टोमणा मारला नव्हता, खरंच विचारलं होतं.

मी म्हणालो, "एकाला."

तो पुढचं ऐकायला थांबला. मी सफरचंद खाल्लं.

त्या एकाबद्दलच हे सगळं लिहितो आहे. त्याचं नाव नजीब. (खरं नाव वेगळं आहे. नावं न लिहिण्याची अक्कल मला उशिरा आली.) पुण्यात शिकायला येणाऱ्या अफगाण मुलांपैकी तो एक, आमच्या विभागात दोन वर्षं होता. हुशार, गप्पिष्ट, मराठीत वीसपर्यंत मोजणारा आणि रिक्षावाल्याशी मराठीत हुज्जत घालणारा. पुढे तो काबूलच्या परराष्ट्र खात्यात लागला. तिथलं सरकार पडायच्या काही वर्षं आधी काठमांडूच्या एका हॉटेलात आम्ही एका बैठकीला समोरासमोर आलो. सरकारी नसलेल्या, पण सरकारी माणसं मोकळेपणी बोलायला येतात अशा या बैठका. त्यांचा नियम एकच: काय बोललं गेलं ते बाहेर सांगता येतं, कोण बोललं ते सांगायचं नाही. सगळा डोलारा त्या एका नियमावर उभा असतो.

नजीब त्या दिवशी फार मोकळं बोलला. आमच्या सेनापतींकडे निम्मे सैनिक नुसते कागदावर आहेत, अमेरिकन गेले तर आमचं सरकार महिनाभर टिकणार नाही, असं स्वच्छ म्हणाला. मला मास्तर म्हणून अभिमान वाटला.

त्या अभिमानातच मी माझ्या रविवारच्या सदरात लिहिलं: आमच्याच विभागाचा एक जुना विद्यार्थी, आज काबूलच्या परराष्ट्र खात्यात असलेला, अजून मराठीत वीसपर्यंत मोजणारा, परवा असं असं म्हणाला. नाव लिहिलं नाही. नाव लिहायचं उरलंच काय होतं? खात्यात पुण्याचा असा तो एकटा. लिहिताना शंका आलीच नाही असं नाही. पण वाटलं, काबूलला मराठी कोण वाचतं?

आता गंमत ऐका. दिल्लीतल्या वकिलातींना रोज सकाळी प्रादेशिक वृत्तपत्रांची कात्रणं इंग्रजी सारांशासह जातात. तमिळ, बंगाली, मराठी, सगळी. हे मी वर्गात शिकवतो. परीक्षेला विचारलेलंही आहे.

दिल्लीतल्या एका ओळखीच्या माणसानं मला तो सारांश मेलनं पाठवला. अभिनंदन, तुम्ही आता दूतावासांत वाचले जाता, असं वर लिहून. मी मेल बंद केला. दोन आठवड्यांनी नजीबचा मेल आला. त्याची चौकशी चालू झाली होती. सर, त्या खोलीतून कोणीतरी माझं बोलणं फोडलं, तुम्हाला कोणाचा संशय येतो?

मी एका ओळीचं उत्तर दिलं: अशा वेळी आपल्या घरच्यांकडे आधी बघावं.

त्याच्या घरचा असा त्या खोलीत एकच होता. त्याच खात्यातला त्याचा जिवलग मित्र, हुमायून.

नजीबला काढून टाकलं. सरकार पडलं तेव्हा खात्यातल्या माणसांची नावं विमानाच्या याद्यांत होती, काढलेल्यांची नव्हती. हुमायून विमानानं अमेरिकेत गेला. नजीब राहिला. पुढे त्याचं काय झालं, ते मी शोधलं नाही. शोधायला भीती वाटत होती, हे त्याचं खरं कारण.

फ्रीमाँट, पहिला दिवस

माझी भाची केतकी कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला असते. गेल्या हिवाळ्यात तिचा फोन आला होता. मामा, माझा ड्रायव्हिंगचा मास्तर मराठी बोलतो, अफगाण आहे, तुझा स्टुडंट म्हणे. मी 'असं का' म्हणून विषय बदलला होता. परिषदेचं आमंत्रण मी एरवी नाकारलं असतं, इतका या फिरण्याचा कंटाळा आला आहे. स्वीकारलं ते परतीचं तिकीट सॅन फ्रान्सिस्कोहून करता येईल म्हणून.

फ्रीमाँटला एकसारख्या घरांच्या रांगा, प्रत्येकाला गॅरेज, आणि मागे उन्हानं सोनेरी झालेल्या गवताचे डोंगर. आपल्याकडे डोंगर वाळला की जीव कासावीस होतो, इथे त्याच रंगाला लोक सोनेरी म्हणतात आणि फोटो काढतात. केतकी मला घ्यायला आली होती. फ्रीवेवर ती फार सावध चालवते. घराजवळच्या चौकात पोहोचल्यावर तिनं मला तिथली पद्धत दाखवली. चारही रस्त्यांना थांबायची पाटी, सिग्नल नाही, पोलीस नाही. जो आधी येऊन थांबला तो आधी जातो. दोघं बरोबर आले तर उजवीकडचा. कोणी घुसत नाही. मी म्हटलं, संयुक्त राष्ट्रांनी हे चालवून बघावं.

"चालतं रे मामा," ती म्हणाली. "फक्त एकजण न थांबता निघाला ना, की सगळे दिवसभर घाबरत चालवतात. नजीबभाई तेच शिकवतात. सावकाश मॅडम, सावकाश, समोरचा थांबेल असं गृहीत धरू नका."

दुपारी नजीबकडे जेवायला जायचं ठरलेलंच होतं. केतकीनं परस्पर ठरवलं होतं. माझी नात, म्हणजे तिची मुलगी ईरा, गाडीतून उतरताना म्हणाली, "आजोबा, इज ही युअर फ्रेंड?" मी म्हटलं, विद्यार्थी. "सो, नॉट अ फ्रेंड," ती म्हणाली आणि पुस्तकात परत शिरली.

नजीब एका अफगाण दुकानाच्या वरच्या मजल्यावर, दोन जणांबरोबर भाड्यानं राहतो. दार उघडून त्यानं माझे दोन्ही हात धरले आणि कपाळाला लावले. केस सगळे पांढरे झालेत. चाळिशीही ओलांडलेली नाही अजून.

"सर, तुम्ही आले. मला भरोसा नव्हता."

बोलाणी त्यानं स्वतः केली होती. मैद्याच्या पातळ पोळीत कांद्याची पात आणि बटाटा भरून तव्यावर तेलात भाजतात. थालीपीठ आणि पराठा यांच्या मधलं काहीतरी. बरोबर दही आणि कोथिंबिरीची झणझणीत चटणी. खाताना तो आपली हकिकत सांगत होता, दुसऱ्या कोणाची असावी तशी. पाच महिने तळघरात. मग इराण, मग ब्राझील, तिथून पायी आणि बसनं वर वर. बायको आणि मुलगी अजून इराणमध्येच, मशहदला. इथे आश्रयाचा अर्ज मंजूर झाला तरच त्यांना आणता येईल. मुलगी नऊ वर्षांची झाली, त्यानं तिला शेवटचं पाहिलं तेव्हा ती पाचची होती. अर्जात अडचण एकच. खात्याच्या कागदावर त्याला 'गैरवर्तनासाठी' काढल्याची नोंद आहे. ते गैरवर्तन म्हणजे चोरीमारी नव्हती, हे दाखवायला हवं.

त्यानं वकिलाकडे द्यायचं निवेदन माझ्यापुढे ठेवलं. सर, इंग्रजी तपासून द्या, आणि माझ्या चारित्र्याबद्दल एक पत्र. आठ दिवसांत सादर करायचंय.

तिसऱ्या पानावर होतं: माझा सहकारी हुमायून यानं माझं बोलणं सुरक्षा खात्याला कळवलं.

मी विचारलं, हुमायून कुठे असतो. व्हर्जिनियात, नजीब म्हणाला. इथे राहायची त्याची स्वतःची फाइलही अजून पक्की झालेली नाही. "हे वाचून त्याला पण बोलावतील. बोलावू देत. सर, तुम्हाला माहीत आहे त्यानं काय केलं? मी जाब विचारला तर म्हणाला, तुझ्या सरांना विचार. तुमचं नाव घेतलं त्यानं. मी थोबाडीत मारली. सगळ्या ऑफिससमोर. पंधरा वर्षांची दोस्ती सर, आम्ही एका ताटात जेवायचो."

माझ्या तोंडात घास होता. बोलायची हीच वेळ होती, याच्याइतकी स्वच्छ वेळ मागून मिळाली नसती. मी घास गिळला आणि चटणी मागितली.

मग खिशातून पेन काढलं आणि ते निवेदन तपासून दिलं. दोन ठिकाणी क्रियापद चुकलं होतं. हुमायूनबद्दलच्या वाक्यात स्वल्पविराम हवा होता, तोही घातला.

फ्रीमाँट, दुसरा दिवस

या दिवशी काही घडलं नाही. सकाळी मी तळ्याकाठी चार फेऱ्या मारल्या. बाकावर मराठी आजी-आजोबांचा एक घोळका बसलेला होता. मुलाकडे सहा महिने आलेले, परत जायचे दिवस मोजणारे. त्यातल्या एका काकांनी मी कोण ते काढून घेतलं आणि लगेच विचारलं, काय हो, ट्रम्पचं पुढे काय, आपल्या मुलांचे व्हिसा राहतील ना? मला सवयीनं उत्तर सुचत होतं: दीर्घकालीन हितसंबंध, दोन्ही देशांची गरज. काकांच्या चेहऱ्याकडे बघून म्हटलं, मला माहीत नाही. त्यांना ते उत्तर आवडलं नाही. काकू म्हणाल्या, "जाऊ दे हो, प्रोफेसरांना पण सुट्टी असते."

घरी आल्यावर केतकीनं मला सरळच विचारलं, की नजीबभाईंच्या घरून आल्यापासून तू जेवत का नाहीस. मी जेट लॅग म्हटलं. तिला ते पटलेलं दिसलं नाही, पण ती आपल्याकडच्या मुलींसारखी खोदून विचारत बसली नाही. इथे राहून माणसं दुसऱ्याच्या दाराबाहेर थांबायला शिकतात. मला त्या दिवशी कोणीतरी दार ढकलायला हवं होतं.

मी स्वतःशी पुष्कळ युक्तिवाद केला. सरकार तसंही पडणारच होतं. नजीबचं नाव यादीत असतं तरी विमान मिळालंच असतं कशावरून? हुमायून वाचला आहे, सुखरूप आहे. हे सगळे मुद्दे बरोबर होते. देशांची धोरणं अशाच बरोबर मुद्द्यांवर चालतात, आणि शेवटी कोणाचीच चूक नसते. चार दिवसांपूर्वीच मी याच गोष्टीसाठी एका अख्ख्या देशाला धारेवर धरलं होतं आणि टाळ्या घेतल्या होत्या.

दुपारी मी जुन्या मेलपेटीत दिल्लीचा तो मेल शोधला. होता. पुसला नव्हता. का, ते मला सांगता येणार नाही.

फ्रीमाँट, तिसरा दिवस

नजीब सकाळी मला घ्यायला आला. वकीलबाईंकडे जाऊन चारित्र्याच्या पत्रावर सही करायची होती. शिकवण्याची गाडी, डोक्यावर पिवळी पाटी, आणि शेजारच्या सीटपुढे पायाशी मास्तरसाठी वेगळा ब्रेक. तिथे मी बसलो, पाय मागे ओढून. तो खुशीत होता. सही झाली की तुम्हाला मंतू खिलवतो सर, आपल्या मोदकासारखे, पण आत मटण, असं सांगत होता.

मी म्हटलं, नजीब, गाडी बाजूला घे.

त्याला वाटलं मला मळमळतंय. घेतली. कोणाच्या तरी घरासमोर, लिंबाच्या झाडाखाली. मी फोनवरचा तो मेल उघडून त्याच्या हातात दिला आणि सांगितलं. सदरात काय लिहिलं ते, का लिहिलं ते, काबूलला मराठी कोण वाचतं असं म्हणालो तेही. तो वाचत होता. इंग्रजी सारांश सहा ओळींचा आहे, त्याला फार वेळ लागला.

मग त्यानं तारीख बघितली.

"हे तुम्हाला आलं, त्याच्या नंतर मी मेल केला होता."

"हो."

"म्हणजे घरच्यांकडे बघ, असं लिहिलं तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"आणि परवा? माझं इंग्रजी तपासलं तेव्हा?"

मी हो म्हणालो.

तो ओरडला नाही. ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत बसला. त्या घरातून एक म्हातारी गोरी बाई बाहेर आली आणि काही मदत हवी आहे का विचारू लागली. इथले लोक विचारतात. नजीबनं काच खाली करून हसून, नो मॅम, थँक यू, म्हटलं आणि काच वर केली. मग इंडिकेटर दिला, आरसा पाहिला, मागे वळून पाहिलं, शिकवतात तसं, आणि गाडी रस्त्यावर घेतली.

वकीलबाई तरुण आणि घाईतल्या होत्या. नजीबनंच त्यांना थोडक्यात सांगितलं. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, मग मेलकडे, आणि त्यांचा चेहरा उजळला. संशयापेक्षा छापील पुरावा केव्हाही चांगला. नोंदीतलं 'गैरवर्तन' म्हणजे काय, ते या सहा ओळींत स्वच्छ दिसतं. मी माझं निवेदन सांगत गेलो, त्या टाइप करत गेल्या. शपथेवर असल्यामुळे हे कायम नोंदीत राहील आणि कोणालाही मागून वाचता येईल, तुम्हाला याची जाणीव आहे ना, असं त्यांनी दोनदा विचारलं. मी आहे म्हटलं. काठमांडूसारख्या बैठका भरवणारे, ज्यांचा सगळा व्यवहार त्या एका नियमावर चालतो, ते आता मला कुठल्या खोलीत बसू देणार नाहीत. भारतात आल्यावर मी स्वतःच त्यांना कळवलं, आणि एका ओळीचं, अतिशय सभ्य उत्तर आलं. हा लेखही त्याच सदराच्या जागी छापा, असं मी संपादकांना विनवलं आहे.

नजीबच्या निवेदनातलं तिसरं पान वकीलबाईंनी काढलं आणि माझ्या स्वल्पविरामासकट फाडून टोपलीत टाकलं. मी सही केली.

बाहेर आलो. ऊन चांगलंच तापलं होतं. गाडीपाशी पोहोचल्यावर मी सवयीनं पलीकडच्या दाराकडे वळलो. नजीब कुलूप उघडून आत बसला होता, पण माझ्या बाजूचं दार त्यानं उघडलं नाही. काच थोडी खाली केली.

"सर, केतकी मॅडमना फोन करा. त्या येऊन नेतील. मला व्हर्जिनियाला फोन करायचाय, वेळ लागेल."

अजूनही सर म्हणाला. त्याच्या देशात आणि आपल्यातही, गुरूला दुसरं काही म्हणायची सोय नाही.

मी केतकीला फोन केला आणि फुटपाथवर उभा राहिलो. काच वर गेलेली. आत त्यानं फोन कानाला लावला, काढला, पुन्हा लावला. तिसऱ्या वेळी पलीकडून उचलला असावा, कारण तो ताठ बसला. नंतर तो बोलायला लागला, थांबला, आणि कपाळ स्टिअरिंगवर टेकवून तसाच बोलत राहिला. एकही शब्द मला ऐकू येत नव्हता, आणि आला असता तरी ती भाषा मला येत नाही. तीस वर्षं त्या देशावर शिकवतो आहे.

केतकीला यायला वीस मिनिटं लागली. तोवर ती गाडी जागची हलली नव्हती आणि फोनही संपला नव्हता. केतकीनं त्याला हात केला. त्यानं पाहिलं नाही.

"नजीबभाई सोडणार होते ना तुला? भांडलात की काय?"

मी पट्टा लावला आणि तिला पहिल्यापासून सांगितलं.